रोजचं जेवण, अंगणवाडी, रेशन: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व भाग असो, कुंभारी असो नाहीतर जुळे सोलापूर, बायकांच्या बैठकीला गेले की खाण्यापिण्यावर बोलणं होतंच, आणि घरी पोचेपर्यंत मोबाईलवर पाच-सात व्हॉइस मेसेज येऊन पडलेले असतेत. प्रश्न फिरून फिरून तेच असतेत म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. मी आहारशास्त्र शिकलेय, डॉक्टर नाही, तेव्हा ज्यांचं औषधपाणी चालू आहे त्यांनी १३ नंबरचा प्रश्न आधी वाचा आणि मग बाकीचं.

१. सकस आहार म्हणजे नेमकं काय खायचं? आम्हाला काजू-बदाम परवडत नाहीत.

काजू-बदाम लागतच नाहीत ओ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचा हिशेब असाय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ असलं ३५ ग्रॅम आणि तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम. आता हा हिशेब आपल्या ताटाशेजारी ठेवून बघा. धान्य आपल्याकडं भरपूर होतंय, शेंगाही होतेत, तेल तर जास्तच होतंय, कमी पडतंय ते डाळ, भाजी आणि दूध. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे एका माणसाला कोरडी मोजून साधारण दोन मुठी, आणि आपण चौघांच्या आमटीला एक वाटी डाळ टाकून वर तांब्याभर पाणी ओततो, मग ताटात डाळीचं नुसतं पाणी येतंय. पहिला बदल तिथं करा, आमटी घट्ट करा, बाकीचं नंतर बघू.

भाजीसाठी एवढंच सांगते, भोगीला आपण सोलाणे, वांगं, गाजर, घेवडा, शेंगदाणे, तीळ असं सगळं एकत्र करून भाजी करतो आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खातो, ते जेवण कुठल्याही आहारतज्ज्ञाला पुसलं तरी तो नाव ठेवणार नाही. ते वर्षातून एकदाच का करायचं? चार-पाच भाज्या थोड्या थोड्या घेऊन मिसळ भाजी आठवड्याला एकदा कराच. पालेभाजीत करडई, चुका, अंबाडी, तांदुळजा, घोळ हे लक्ष्मी मंडईत सीझनला ढिगानं येतंय आणि पालकापेक्षा कुठं कमी नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरात अंबाडीला गोंगुरा म्हणतेत आणि ती डाळीत घालून शिजवतेत, हे तर फारच चांगलं.

२. शुगर आहे, सगळे म्हणतेत चपाती बंद करून ज्वारीची भाकरी खा. खरंच एवढा फरक आहे का?

ज्वारी आपला जीव आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मालदांडीचं प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलं गेलं, सगळं खरं. पण म्हणून खोटं सांगणार नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतेत आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठातसुद्धा जवळजवळ तेवढेच. म्हणजे गहू काय विष नाही. भाकरीचा फायदा दुसरीकडं आहे: पीठ कोंड्यासकट गिरणीतून ताजं येतंय, चाळून चोथा काढला जात नाही, भाकरीला तेल लागत नाही, आणि चावायला वेळ लागतो म्हणून पोट लवकर भरल्यासारखं वाटतंय. ज्यांना गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे त्यांना तर ज्वारी-बाजरीशिवाय सोय नाही.

शुगरवाल्यांना खरा फरक पडतो तो मापानं. चपाती सोडली आणि थाळीएवढ्या तीन भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर उतरणार कशी? एक-दीड भाकरी, सोबत घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, काकडी-कांदा-मुळा, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, असं करून बघा. ज्वारी महाग झालीय हेही मला माहितीय, परवडत नसंल तर एक वेळ भाकरी एक वेळ चपाती ठेवा, काही बिघडत नाही.

३. कडक भाकरी महिनाभर टिकते, त्यात सत्त्व राहतं का?

राहतं. तीच ज्वारी किंवा बाजरी, पातळ थापून पाणी उडेपर्यंत भाजलेली, प्रथिनं-तंतू-लोह कुठं जात नाहीत. अडचण अशी होते की कडक भाकरी बऱ्याच घरात नुसत्या चटणीबरोबर खाल्ली जाते, तीच दुपार तीच रात्र. दही घ्या, आमटीत कुस्करा, कांदा-टोमॅटो चिरून घ्या. चटणीचं पुढं आहेच.

४. शेंगाचटणी खाल्ली की कोलेस्टेरॉल वाढतंय म्हणे, बंद करू का?

बंद नका करू. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, ते फक्त प्राण्यापासून आलेल्या पदार्थात असतंय. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २३-२४ ग्रॅम प्रथिनं आणि ४० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतेत. माझ्या आजीची चटणी अशी असायची: शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल पाखडून टाकायची, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात कुटत बसायचं, पहिल्यांदा भुकटी होते, मग कुटता कुटता ती ओलसर व्हायला लागते आणि शेवटी मुसळाला चिकटून गोळा वर येतो, तो तेलकटपणा वरून घातलेला नसतो, शेंगदाण्याचाच असतो. म्हणून त्या चटणीवर परत तेलाची धार ओतायची गरज नाही, आपण सवयीनं ओततो. दिवसाला दोन चमचे चटणी, वरून तेल न घेता, हे अगदी चांगलं खाणं आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, मीठ, कारण चटणी, लोणचं, पापड हे तिन्ही एका ताटात आले की मीठ हाताबाहेर जातंय, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पाहिजे, म्हणजे चौघांच्या घरात मिठाचा किलोचा पुडा महिना पुरून उरायला पाहिजे, तुमच्याकडं किती दिवस जातो ते मोजा. (तेलाचाही असाच हिशेब, चौघांना महिन्याला तीन-सव्वातीन किलोच्या वर नको.) दुसरं, बुरशी धरलेले, काळपट, कडू लागणारे शेंगदाणे स्वस्त मिळाले तरी आणू नका आणि भाजून खपवू नका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही आणि ते लिव्हरला घातक आहे. कडू दाणा तोंडात आला की लगेच थुंका.

५. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे आहेत, व्हिडिओ पण बघितलाय. मुलांना द्यावा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन बी-१२ मिसळून मशीनमधून परत तांदळाच्या आकाराचे दाणे काढतेत आणि साध्या तांदळात १०० ला १ अशा प्रमाणात मिसळतेत. ते दाणे जरा पिवळसर, जरा मऊ, आकाराला एकदम सारखे असतेत म्हणून डोळ्यात भरतेत. २०२१ नंतर रेशन, शाळा आणि अंगणवाडी अशा सगळीकडं टप्प्याटप्प्यानं हा तांदूळ गेला.

एका बैठकीत एक मावशी पदरात मूठभर असले दाणे निवडून घेऊन आल्या होत्या, आम्ही तिथंच एका वाटीत कोमट पाणी घेतलं आणि दाणे टाकले, गप्पा होईपर्यंत दाणे फुगून मऊ झाले, बोटानं चिरडले तर पिठासारखे पसरले. प्लास्टिक असतं तर असं झालं असतं का? घरी तुम्हीही करून बघा. वाईट याचं वाटतं की ज्या घरात रक्त कमी आहे त्याच घरातल्या बायका ते दाणे निवडून निवडून फेकतेत. निवडू नका, एकदाच हलकं धुवा, आणि भाताचं पाणी ओतून देऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असंल तर मात्र डॉक्टरला विचारून घ्या, त्यांना जादा लोह चालत नाही.

६. अंगणवाडीत कुणाला काय मिळतं? आम्ही भाड्यानं राहतो, कार्डावर पत्ता गावाकडचा आहे.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, अंगणवाडी त्यातलीच. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर बाई आणि बाळंत झाल्यावर सहा महिन्यांपर्यंतची आई, एवढ्यांना पूरक आहार मिळतो. तीन वर्षांखालच्या पोरांना आणि आयांना घरी न्यायचं पाकीट, तीन वर्षांवरच्यांना तिथंच गरम खाऊ. त्याबरोबर वजन-उंची, लसीकरण आणि सल्ला. गरीब-श्रीमंत असली अट नाही. भाड्यानं राहता म्हणून सेविकाताई नाही म्हणत असतील तर त्यांच्या वरच्या पर्यवेक्षिकांना भेटा, तुम्ही आज जिथं राहताय तिथल्या अंगणवाडीत नाव लागतं.

एक तक्रार मात्र मी मोकळेपणानं करते. घरी आलेलं पाकीट पोराला न देता सगळ्यांनी मिळून खाल्लं जातंय किंवा चव आवडली नाही म्हणून म्हशीला जातंय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते एका पोराच्या मापानं दिलेलं असतंय. नुसतं आवडत नसंल तर थोडा गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून लाडू वळा, थालीपिठात मिसळा, पण पोराच्याच पोटात जाऊ द्या.

७. आमचं बाळ खेळतं, हसतं, पण सेविकाताई म्हणल्या दंडाची पट्टी लाल आली. म्हणजे काय?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर पट्टीनं मोजतेत. ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम. लाल आली म्हणजे आजच हालचाल करायची, "आमच्यात सगळेच बारीक असतेत" म्हणून घरी बसायचं नाही. भूक लागत असंल आणि दुसरा आजार नसंल तर अंगणवाडीतच दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं खाऊ घालून सुधारणा होते, आणि ताप, सूज, जुलाब, खायलाच नको असं असंल तर सरकारी दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईसकट ठेवतेत. तिथं जायला बायका घाबरतेत कारण घरी दुसरी पोरं असतेत, रोजगार बुडतो. त्या वेळी शेजारच्या बायकांनी पोरं सांभाळली तर फार मोठी मदत होते, मी तसं होताना बघितलंय.

आणि हे एकट्या-दुकट्याचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत ३५.२ टक्के वयाच्या मानानं बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं बारीक निघाली. लाज वाटून लपवायची गोष्ट नाही ही.

८. हिमोग्लोबिन ८ आलंय. डाळिंब आणि बीट रोज खाते तरी वाढत नाही.

डाळिंब आपल्या सोलापूरचं, जीआय मानांकनाचं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथंच, खायलाही छान. पण त्यात लोह फारच थोडं असतंय, रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. बीटाचंही तेच. लोह हवं तर बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या, तीळ, अळीव आणि चालत असंल तर मटण, कलेजी (गरोदर असाल तर कलेजी सारखी नको, त्यातलं व्हिटॅमिन ए जास्त होतं). त्यावर लिंबू पिळा नाहीतर पेरू-आवळा खा, त्यातल्या व्हिटॅमिन सी मुळं लोह अंगी लागतंय. मटकीला मोड आणले तर अजून चांगलं.

आता चहा. जेवताना किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर त्यातलं टॅनिन लोह धरून ठेवतंय, मग भाकरी-भाजीतलं लोह अंगाला लागत नाही. चहा सोडा म्हणत नाही, जेवणापासून तासभर लांब ठेवा.

पण आठ हिमोग्लोबिन नुसत्या खाण्यानं भरत नाही, गोळी लागतेच. साधारण बाईला १२ च्या वर आणि गरोदर बाईला ११ च्या वर पाहिजे. सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदरपणात रोज एक लाल गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस, शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी, लहानांना गुलाबी, हे सगळं फुकट आहे. गोळीनं संडास काळी होते, त्याला घाबरू नका, ते लोहच आहे. मळमळत असंल तर रात्री जेवून झाल्यावर घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, एक सकाळी एक रात्री. एवढं करूनही तीन महिन्यात वाढलं नाही तर पाळीत जास्त जातंय का, जंत आहेत का, बी-१२ कमी आहे का, हे डॉक्टरनं बघायला पाहिजे.

९. बिड्या वळायच्या, हजाराचा आकडा पुरा करायचा, जेवायला टाइमच नसतो. काय करू?

तुमच्या घरी मी आलेय ताई, म्हणून लिहिते. सकाळी सहाला उठून सगळ्यांचे डबे, मग सूप मांडीवर घेऊन बसायचं, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, अकरा वाजता एक चहा, एक वाजता अजून एक, आणि तीन-साडेतीनला पोरं-नवरा-सासू सगळ्यांचं झाल्यावर राहिलेली अर्धी भाकरी आणि चटणी. आमटी संपलेली असते. अंडी आणली तर ती पोरांना. दिवसभर कामाला जुंपलेलं शरीर आणि त्याला तीन वाजेपर्यंत नुसता साखरेचा चहा, मग चक्कर येणार नाही तर काय होणार?

माझं सांगणं एवढंच: डबे भरताना स्वतःचाही डबा भरा. खरोखरचा डबा, झाकणाचा, त्यात तुमच्या वाट्याची घट्ट आमटी किंवा उसळ आधी काढून ठेवा, वाढून उरलेलं नाही. पहिल्या चहाच्या जागी मूठभर भाजके शेंगदाणे-फुटाणे आणि गुळाचा खडा. तंबाखूचे हात असतेत, साबणानं धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका आणि बाळालाही अंगावर घेऊ नका. सासूबाई काय म्हणतील असं मला चार जणींनी विचारलं, त्यातल्या एकीच्या सासूबाई पुढच्या बैठकीला आल्या आणि म्हणल्या, "मी पण आयुष्यभर शेवटचंच खाल्लं, हिनं खाऊ नये." आता त्या दोघी एकत्र जेवतेत.

१०. सहा महिन्याच्या बाळाला काय सुरू करू? पावडरच्या डब्यानं ताकद येते का?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणी-घुटी-मध काही नको. सहा महिने झाले की आईचं दूध चालू ठेवून वरचं अन्न: मऊ खिचडी, घट्ट वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, नाचणीची खीर, शिजवून चेचलेला भोपळा, केळं. चमच्यावरून ओघळणारं पातळ नको, चमच्यावर थांबंल असं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंय, ती घरात असू द्या. वर्षाच्या आत मीठ-साखर टाळा, मध तर नकोच. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालच्या पोराला देऊ नका, घशात अडकतो, कूट करून द्या.

डब्याच्या पावडरीबद्दल: २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रीवाल्यांना असली पेयं "हेल्थ ड्रिंक" च्या यादीतून काढायला सांगितली, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. डबा उलटा करून साखर किती ते वाचा. त्या पैशात अंडी आणि दूध किती येतंय त्याचा हिशेब घाला.

११. मुलगा शाळेतली खिचडी खात नाही, डब्यात वेफर्स मागतो.

शाळेतल्या जेवणाला आता पीएम पोषण म्हणतेत, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम असं ते ठरवून दिलेलं आहे. वाढायच्या आधी शिक्षकानं चव घेऊन बघायची असा नियमच आहे, आणि पालक म्हणून तुम्हीही जाऊन बघू शकता. जा एकदा दुपारच्या सुट्टीत. खिचडी बेचव किंवा पातळ असंल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोला, आई-बापच बोलले नाहीत तर कोण बोलणार? वेफर्स घरात आणायचेच नाहीत एवढंच खरं चालतंय, घरात पाकीट असताना "खाऊ नको" म्हणून काही उपयोग होत नाही. त्याच्याऐवजी हुरड्याच्या दिवसात हुरडा, एरवी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा.

१२. आषाढी, कार्तिकी, सोमवार, चतुर्थी, सगळे उपवास करते. साबुदाणा चालतो ना?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात पोषण येतं ते शेंगदाण्याच्या कुटामुळं. ताक, दूध, राजगिरा, फळं, शेंगदाण्याची आमटी हे जास्त ठेवा. भगर चांगली, पण जुनी, ओल लागलेली भगर आणि भगरीचं तयार पीठ यातून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या राज्यात उपवासाच्या दिवसात परत परत झाल्यात. बंद पाकिटातली तारीख बघून घ्या, निवडून धुऊन घ्या, पीठ लागंल तेवढंच घरी करा, भिजवून दिवसभर ठेवू नका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन चालू असणारे यांनी कडक उपवास करू नये. पांडुरंग काय रागवणार नाही.

१३. किडनीचा त्रास आहे / डायलिसिस चालू आहे. वरचं सगळं आम्हाला लागू का?

नाही. शेंगदाणे, डाळ, पालेभाजी, फळं यातलं प्रथिन, पोटॅशियम, फॉस्फरस तुम्हाला मोजून घ्यावं लागतंय आणि रिपोर्टप्रमाणं ते बदलतंय. तुमच्या डॉक्टरच्या कागदावर जे लिहिलंय तेच पाळा. "सैंधव मीठ चालतं का" असंही विचारतेत, तर सैंधवही मीठच आहे, आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ किडनीवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नका, त्यात पोटॅशियम असतंय.

१४. सगळं नीट खाऊ घालते तरी पोराच्या अंगाला लागत नाही.

मग पाणी आणि जंत बघा. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, पिंप-हंड्यात चार-चार दिवस साठवतो, त्यात हात बुडतो, तांब्या बुडतो, आणि सारखे जुलाब लागले की खाल्लेलं वाया जातंय. पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवा, लांब दांड्याचं ओगराळं वापरा, उकळा किंवा दवाखान्यातून क्लोरीनच्या गोळ्या आणा. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा, आणि खाणं बंद करायचं नाही. जंताची गोळी शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा देतेत, देशभरातला ठरलेला दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, इथली तारीख पुढं-मागं होते म्हणून सेविकाताईंना विचारा. पोर त्या दिवशी आजारी असंल तर नंतर मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्या पोरांसाठी ठेवलेल्या दिवशी मिळते. एक ते दोन वर्षांच्या पोराला अर्धी, ती चुरून पाण्यातून द्यायची, अख्खी घशात टाकायची नाही.